दादाला ‘लेफ्ट मेन’ निघाले तेव्हा

माझ्या थोरल्या भावाची बायपास शस्त्रक्रिया गेल्या पावसाळ्यात ठाण्यातील एका रुग्णालयात मध्यरात्रीनंतर, तातडीने करावी लागली. तो आता घरी आहे, हिंडतो-फिरतो, आणि त्याला विचारूनच हे लिहीत आहे. हृदयाच्या बहुतेक ब्लॉकेजच्या बाबतीत शांतपणे विचार करायला आणि कागदपत्रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला सवड असते, आणि ती सवड घ्यावीच, असे माझे ठाम मत आहे. परंतु हृदयात एक जागा अशी आहे की तिथला अडथळा उघडकीला आल्यावर, विशेषतः रुग्णाला बसल्या जागी दुखत असताना, ही सवड जवळजवळ नसते. त्या जागेला वैद्यकीय भाषेत डावी मुख्य धमनी म्हणतात आणि रुग्णालयात सगळेच ‘लेफ्ट मेन’ म्हणतात. त्या रात्री आमच्यापैकी कोणालाही हा फरक माहीत नव्हता. ज्या कुटुंबांवर अशी वेळ येईल त्यांना तो आधीपासून माहीत असावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो.

दादा 63 वर्षांचा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात त्याने पाळ्यांमध्ये काम करून नोकरी पुरी केली, आणि आता नौपाड्यातील एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो, वहिनी आणि माझा पुतण्या राहतात. मधुमेह त्याला बरीच वर्षे आहे. जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन आल्यावर जिना चढताना काही आठवडे त्याच्या घशाशी आवळल्यासारखे होत असे, जबडा दुखत असे, दोन्ही दंड जड पडत असत, आणि कठड्याला धरून जरा उभे राहिले की सारे निवळत असे. छातीत कळ अशी कधी आली नाही. त्यामुळे घरात त्याला पित्त म्हटले गेले, आणि जबड्यासाठी दातांच्या डॉक्टरांनाही दाखवून झाले. त्यांनी दात उत्तम असल्याचे सांगितले. चालताना किंवा चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी तक्रार, मग ती पोटाच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत कुठेही असो, हृदयाची नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयाचीच धरावी, असे आम्हाला नंतर हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले. मधुमेह असलेल्यांमध्ये ही दुखणी अनेकदा अशीच आडवळणाने व्यक्त होतात, आणि स्वस्थ बसलेल्या अवस्थेत काढलेला ईसीजी निर्दोष आला म्हणून निर्धास्त होता येत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

त्या रात्री जेवण झाल्यावर दादा खुर्चीत बसलेला असताना तेच आवळणे सुरू झाले, परंतु यावेळी ते थांबेना. त्याला दरदरून घाम फुटला आणि सदरा पाठीला चिकटला. पुतण्याने त्याला जवळच्याच एका लहान रुग्णालयात नेले आणि मला फोन केला. मी कळव्याहून पोहोचलो तेव्हा तिथल्या फिजिशियनच्या हातात ईसीजीची पट्टी होती. ते ती दिव्याखाली धरून पाहत होते. ईसीजीमध्ये बारा आलेख असतात आणि त्यांतील ‘एव्हीआर’ नावाच्या आलेखाकडे एरवी फारसे कोणी लक्ष देत नाही. दादाच्या पट्टीवर इतर बहुतेक आलेखांमध्ये रेषेचा एक विशिष्ट भाग खाली दबलेला होता, आणि एव्हीआरमध्ये मात्र तोच भाग वर उचललेला होता. डॉक्टरांनी बोट ठेवून आम्हाला ते दाखवले. असे चित्र फक्त लेफ्ट मेनच्या आजारातच दिसते असे नाही; तिन्ही धमन्या फार अरुंद झाल्या असतील किंवा शरीरातील रक्त अतिशय कमी झाले असेल तरीही ते दिसू शकते. तरी दुखत असलेल्या माणसाच्या पट्टीवर ते दिसले की सर्वांत वाईट शक्यता आधी मनात धरायची असते.

या डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्हींचे मोल आम्हाला पुढे कळले. त्यांनी अ‍ॅस्पिरिनची गोळी दादाला चावून खायला लावली. परंतु हृदयविकाराच्या झटक्यात बहुधा तिच्यासोबतच रक्तातील चिकटपणा कमी करणारी जी दुसरी गोळी मोठ्या मात्रेत दिली जाते, ती त्यांनी मुद्दाम रोखून धरली. “अँजिओग्राफीत काय निघतं ते कळू दे. ऑपरेशन लागलं तर ही गोळी आड येईल,” असे ते म्हणाले. ही दुसरी गोळी, म्हणजे क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, घेतल्यावर रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सचे काम काही दिवस मंदावलेले असते, आणि अशा अवस्थेत छाती उघडली तर रक्तस्राव आटोक्यात ठेवणे अवघड जाते. ठरवून करायच्या बायपासपूर्वी म्हणूनच ही औषधे आधी काही दिवस बंद ठेवतात. तातडीच्या प्रसंगी ती पोटात गेलेली असली तरी शस्त्रक्रिया करावीच लागते, पण त्याची किंमत रक्ताच्या आणि प्लेटलेट्सच्या पिशव्यांमध्ये मोजावी लागते. एका लहान रुग्णालयातील डॉक्टरांनी रात्रीच्या घाईत एवढा पुढचा विचार केला, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात आणल्यावर दादाला थेट कॅथलॅबमध्ये घेतले. मनगटातील धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तिच्यातून रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांखाली चित्रीकरण करतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून 1958 साली एका तपासणीच्या वेळी रंगद्रव्य अनपेक्षितपणे थेट हृदयाच्या धमनीत गेले आणि त्यातून ही तपासणी जन्माला आली. बाहेर आल्यावर आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मला आणि पुतण्याला आतल्या पडद्यापाशी बोलावले. नळीचे टोक डाव्या धमनीच्या तोंडाशी नेताच रक्तदाबाचा आलेख बसका झाला होता, कारण आधीच अरुंद झालेल्या वाटेत नळीने उरलीसुरली जागाही अडवली होती. म्हणून त्यांनी नळी लगेच मागे घेतली आणि अगदी मोजकी चित्रे काढून काम आटोपते घेतले. पडद्यावर महाधमनीतून निघालेला एक आखूड, जाड बुंधा दिसत होता, आणि त्याला जिथे दोन फाटे फुटतात तिथे तो चिमटीत धरल्यासारखा बारीक झाला होता. “नव्वद टक्के,” ते म्हणाले.

हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त लागते आणि ते महाधमनीच्या अगदी मुळाशी निघणाऱ्या दोन धमन्यांमधून मिळते. उजवी धमनी आपल्या वाटेने जाते. डावी मात्र सुमारे एक सेंटिमीटरभर एकटीच असते, आणि मग तिचे दोन मोठे फाटे होतात: एक हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरतो, ज्याला डॉक्टर ‘एलएडी’ म्हणतात, आणि दुसरा डाव्या बाजूने वळसा घालून मागे जातो. शरीरभर रक्त ढकलणारा डावा खालचा कप्पा बहुतेक माणसांमध्ये मुख्यतः याच दोन फाट्यांवर जगतो. डॉक्टरांनी पुतण्याला ते असे समजावले की एखाद्या मजल्याची पाण्याची लाइन तुंबली तर तेवढ्याच घरांचे पाणी जाते, पण गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा मुख्य पाइपच तुंबला तर साऱ्या इमारतीचे जाते. इतर धमन्यांमधील अडथळा साधारण 70 टक्क्यांच्या पुढे गेला की गंभीर मानतात. लेफ्ट मेनमध्ये 50 टक्क्यांनाच गंभीर मानतात, याचे कारण हेच आहे. तिथे जमलेली चरबीची पुटकुळी फुटून तिच्यावर रक्ताची गुठळी धरली, तर डाव्या कप्प्याचा मोठा भाग एकाच वेळी थांबतो, आणि मग माणूस रुग्णालयात असला तरी हाताशी येण्याची खात्री देता येत नाही.

दादाचा रक्तदाब तोवर घसरू लागला होता, म्हणून जांघेतील धमनीतून महाधमनीत एक लांबट फुगा बसवला गेला. हा बलून पंप हेलियम वायूने चालतो. हृदय आकुंचन पावण्याच्या क्षणी फुगा मिटतो, त्यामुळे हृदयाला रक्त बाहेर टाकायला कमी जोर लागतो. हृदय सैल पडले की तो फुगतो आणि रक्त मागे, हृदयाच्या धमन्यांकडे लोटतो. हृदयाला स्वतःचे रक्त मुख्यतः या सैल पडण्याच्या काळातच मिळत असल्याने त्याचा उपयोग होतो. दादाचे दुखणे त्यानंतर ओसरले. परंतु डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की याने वेळ मिळालेला आहे, उपचार झालेला नाही.

आता प्रश्न स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, की बायपास हा होता, आणि आमच्या घरातल्या चर्चेचा खरा गुंता इथेच झाला. पुतण्याचे म्हणणे असे होते की नळी आत गेलेलीच आहे तर स्टेंट टाकून मोकळे का होऊ नये. प्रश्न रास्त होता आणि डॉक्टरांनी तो झिडकारला नाही. फुग्याने धमनी रुंद करण्याचा उपचार आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी 1977 साली झुरिकमध्ये प्रथम केला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे लेफ्ट मेनला फुगा लावायचा नाही असाच दंडक होता. पुढे औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि परिस्थिती बदलली. 2016 साली ‘एक्सेल’ आणि ‘नोबल’ हे लेफ्ट मेनमध्ये स्टेंट आणि बायपास यांची तुलना करणारे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, आणि आज निवडक रुग्णांमध्ये तिथे स्टेंट टाकणे मान्य आहे. अडथळा बुंध्याच्या तोंडाशी किंवा मध्यावर असेल आणि बाकीच्या धमन्या बऱ्या असतील, तर स्टेंट चांगला बसतो. रुग्ण कोसळतच असेल आणि शस्त्रक्रियेची जुळवाजुळव होईपर्यंत टिकणार नसेल, तर सर्वांत लवकर होणारा उपाय म्हणूनही तो टाकतात. दादाचा अडथळा मात्र नेमका दोन फाटे फुटतात त्या जागी होता, एलएडीमध्ये पुढे आणखी एक होता, उजवी धमनीही अरुंद होती, आणि मधुमेह होता. अनेक धमन्यांचा आजार असलेल्या मधुमेही रुग्णांमध्ये बायपासचा निकाल अधिक चांगला लागतो, हे 2012 सालच्या ‘फ्रीडम’ अभ्यासातून पुढे आलेले आहे. हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद या दोघांनी आमच्यासमोर बसून हे एकमताने सांगितले. ज्या डॉक्टरांना स्टेंट टाकता आला असता, तेच शस्त्रक्रियेचा सल्ला देत होते, ही गोष्ट माझ्या दृष्टीने निर्णायक ठरली.

याच वेळी नातेवाइकांचे फोन सुरू झाले होते. एका आतेभावाने सांगितले की रुग्णालये घाबरवून सह्या घेतात, म्हणून दुसरे मत घेतल्याशिवाय काही करू नका. दुसऱ्या कोणी तरी सुचवले की रात्रीतच मुंबईत परळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात हलवा. वहिनींच्या माहेरच्या एका ज्येष्ठांनी बाळासाहेब ठाकरे यांच्यावर बायपास करणाऱ्या डॉ. नितू मांडके यांची आठवण काढली आणि असा हात आता कुठे मिळणार, असे म्हणून सर्वांचा धीर आणखी खचवला. ही सारी माणसे आमच्या काळजीपोटीच बोलत होती, आणि त्यांच्या संशयाला मुळीच आधार नाही असेही मी म्हणणार नाही. ‘इस्किमिया’ नावाच्या अभ्यासात पाच हजारांहून अधिक स्थिर रुग्णांची पाहणी झाली, आणि आधी औषधोपचार करून गरज पडल्यासच अँजिओग्राफीकडे वळण्याच्या मार्गाच्या तुलनेत, सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास करण्याच्या मार्गाने मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही, असे त्यात दिसले. 2020 साली तो प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्याला चालल्यावर थोडे दुखते आणि जो औषधांनी बरा राहतो, त्याने अँजिओग्राफीच्या टेबलावर पडल्यापडल्या स्टेंटला होकार देण्याची घाई करू नये, या म्हणण्याला भक्कम पुरावा आहे. परंतु त्याच अभ्यासात लेफ्ट मेनचा लक्षणीय आजार असलेल्या रुग्णांना मुळातच घेतलेले नव्हते, कारण त्यांना नुसत्या औषधांवर ठेवणे योग्य मानले जात नाही. हे आजचे नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये झालेल्या अभ्यासातच लेफ्ट मेनच्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते हे दिसून आले होते. बायपासचा फायदा ज्यांच्यात सर्वांत आधी सिद्ध झाला ते हेच रुग्ण.

आतेभावाला मी फोनवर एवढेच म्हणालो, “अरे, साधं ब्लॉकेज असतं तर तुझंच ऐकलं असतं.” परळला हलवण्याबद्दल मी शल्यविशारदांना थेट विचारले. त्यांनी रागावून न घेता सांगितले की बलून पंपासह रुग्ण हलवता येतो, तसे आम्ही आणतो आणि पाठवतोही. पण इथे शस्त्रक्रियागृह तयार आहे, चमू बोलावलेला आहे, आणि वाटेत काही झाले तर गाडीत आपल्या हाती काही नसेल. पावसात पूर्व द्रुतगती मार्गाची अवस्था आम्हा ठाणेकरांना कोणी सांगायला नको. अशा प्रसंगी दुसरे मत हवेच असेल तर अँजिओग्राफीची चित्रफीत ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोनवर पाठवून ते काही मिनिटांत मिळू शकते, आणि पुतण्याने त्याच्या मित्राच्या बहिणीकडून, ज्या स्वतः हृदयरोगतज्ज्ञ आहेत, तसे ते मिळवलेही. त्यांचे उत्तर एका ओळीत आले की थांबू नका.

संमतीपत्रावर वहिनींनी सही केली. “भावोजी, तुम्हीच करा ना सही,” असे त्या आधी म्हणाल्या होत्या, पण मी त्यांना म्हटले, “वहिनी, दादाला उद्या विचारलंत तर तो म्हणेल की हिची सही हवी.” पत्रात लिहिलेले सर्व धोके, म्हणजे पक्षाघात, मूत्रपिंडे निकामी होणे, रक्तस्रावामुळे पुन्हा छाती उघडावी लागणे, मृत्यू, हे शल्यविशारदांनी एकेक करून मराठीत वाचून दाखवले, आणि तातडीच्या शस्त्रक्रियेत ते ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त असतात हेही सांगितले. वहिनींनी सारे ऐकून घेतले आणि शाळेत गिरवल्यासारख्या स्वच्छ अक्षरांत पूर्ण नावाची सही केली. अनामत रक्कम, विम्याची कॅशलेस मंजुरी, आधार कार्डाच्या प्रती या गोष्टी पुतण्याने पाहिल्या. रक्त देण्यासाठी त्यांच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची मुले रेनकोट घालून रांगेने येऊन बसली, ज्यांतील काहींना दादाने लहानपणी फटाके उडवताना दटावले होते.

शस्त्रक्रियेला पाच तासांच्या आसपास लागले. बायपासमध्ये अडथळा काढत नाहीत. त्याच्या पुढे रक्त पोहोचवणारी नवी वाट, म्हणजे ग्राफ्ट, शिवतात. त्यासाठी पायातील नस वापरण्याची पद्धत डॉ. रेने फवालोरो यांनी 1967 साली, पुन्हा क्लीव्हलँडमध्येच, रुजवली. भारतात पहिली बायपास 1975 साली डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये केली. आज सर्वांत मोलाची नळी मात्र छातीच्या हाडाच्या आतल्या अंगाने उतरणारी डावी धमनी मानली जाते, जिला शल्यविशारद ‘लिमा’ म्हणतात. तिचे वरचे टोक तसेच ठेवून खालचे टोक सोडवून एलएडीला जोडतात, आणि ही जोडणी दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्णांमध्ये चालू असते. पायातील नसांची तेवढी शाश्वती नसते, दहा वर्षांत त्यांतील बऱ्याच बंद पडतात. आपल्याकडे धडधडत्या हृदयावरही पुष्कळ बायपास होतात, पण दादाचा रक्तदाब टिकणारा नसल्याने त्याला हार्ट-लंग मशीनवर घेतले गेले. पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय थांबवले जाते आणि तोवर शरीराचा रक्तपुरवठा यंत्र सांभाळते. ज्या धमन्यांना शिवायचे त्या दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि दोरा केसाहून बारीक असतो, म्हणून डोळ्यांवर भिंगे लावून काम चालते. पहाटे शल्यविशारद बाहेर आले तेव्हा भिंगांच्या चौकटीचे वळ त्यांच्या नाकावर उमटलेले होते. ते म्हणाले, “तीन ग्राफ्ट झाले. लिमा चांगली मिळाली. फुगा उद्या काढू.” वहिनींनी त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी घाईने त्यांचे हात धरले.

अतिदक्षता विभागात रुग्णाला प्रथम पाहणाऱ्याने मनाची तयारी करून जावे. घशात श्वासाची नळी, मानेत सलाइनची, छातीच्या तळाशी रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या, पोटावर पेसमेकरच्या तात्पुरत्या बारीक तारा, आणि या सर्वांच्या मध्ये आपला माणूस सुजलेल्या चेहऱ्याने निपचित. श्वासाची नळी निघाल्यावर एका रात्री दादा परिचारिकेला तिसऱ्या पाळीचा रजिस्टर मागू लागला आणि बॉयलरजवळ कोण आहे असे विचारू लागला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः वयस्कर रुग्णांमध्ये, असा भ्रम होतो आणि बहुतेकांमध्ये तो काही दिवसांत ओसरतो. घरच्यांचा ओळखीचा आवाज, चष्मा, दिवस-रात्र कळेल असा उजेड यांनी मदत होते. वहिनी त्याच्या कानाशी बसून त्याला वार आणि तारीख सांगत राहिल्या. नंतर हृदयाची लय बिघडून ठोके वेगाने व अनियमित पडू लागले. बायपासनंतर साधारण तीनांपैकी एका रुग्णाला हे होते आणि ते बहुधा औषधांनी ताळ्यावर येते, हे आम्हाला आधीच सांगून ठेवलेले असल्याने त्या दिवशी कोणी हवालदिल झाले नाही. अशी पूर्वकल्पना देणाऱ्या डॉक्टरांचे मला फार महत्त्व वाटते.

फिजिओथेरपिस्ट मुलगी दिवसातून अनेकदा येऊन तीन रंगीत चेंडूंचे श्वासाचे उपकरण त्याच्या हाती देई. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे आणि मग उशी छातीशी घट्ट धरून खोकायचे, कारण कफ साठला तर न्यूमोनिया होतो. खोकताना हाडाच्या टाक्यांतून कळ येते म्हणून दादा खोकणे टाळू पाहत असे. “अहो, खोका ना जरा. त्या पोरीने सांगितलंय,” असे म्हणत वहिनी उशी धरून उभ्या राहत. पहिला चेंडू उचलला गेला त्या दिवशी मुलीने टाळी वाजवली. छातीचे मधले हाड पोलादी तारांनी बांधलेले असते आणि ते सांधायला दोन ते तीन महिने लागतात. तारा कायमच्या आतच राहतात. तोवर उताणेच झोपायचे, जड उचलायचे नाही, पलंगावरून उठताना हातांवर भार द्यायचा नाही, दुचाकी चालवायची नाही. पायातून नस काढलेल्या जागी सूज आणि बधिरपणा बराच काळ राहिला, आणि खरे सांगायचे तर घरी आल्यावर दादाला छातीपेक्षा तो पायच जास्त त्रास देत होता. तिसऱ्या मजल्याचा जिना चढायला परवानगी होती, पण प्रत्येक मजल्यावर थांबून. शेजाऱ्यांनी त्यासाठी दोन्ही मजल्यांवर एकेक खुर्ची ठेवली आणि ती अजून तिथेच आहे.

बायपासने धमनीचा आजार बरा होत नाही, हे घरी आल्यावर पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण जखम भरली की माणसाला आपण बरे झालो असे वाटते. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे आयुष्यभर चालायची आहेत. कोलेस्टेरॉलमधील एलडीएल हा वाईट घटक अशा रुग्णांत 70 च्या, आणि जमल्यास 55 च्या खाली ठेवायला सांगतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीने यकृत खराब होते असे संदेश दादाला फोनवर रोज येत असत, आणि त्यातील एक वाचून त्याने गोळी बंद करण्याचे ठरवलेही होते. वहिनींनी त्याला काही न बोलता पुढच्या तपासणीला तो संदेश डॉक्टरांसमोर ठेवला. डॉक्टरांनी यकृताचा निर्दोष अहवाल त्याला दाखवला आणि विषय मिटला. आता तो सकाळी तलावपाळीला फिरायला जातो, आधी अर्धी फेरी, मग एक, आणि आता न थांबता जमेल तेवढ्या.

या साऱ्यानंतर काही महिन्यांनी, त्या रात्री फोन करणाऱ्या त्याच आतेभावाला कोपरखैरण्यातून ठाण्याला येताना दम लागू लागला, आणि त्याच्या अँजिओग्राफीत उजव्या धमनीत 70 टक्के अडथळा निघाला. त्याला त्याच दिवशी स्टेंट टाकून घेण्याचा सल्ला मिळाला. त्याला बसल्या जागी दुखत नव्हते, ईसीजीत बदल नव्हते आणि हृदयाचे पंपिंग चांगले होते. तो घाबरून सीडी आणि कागद घेऊन दादाकडे आला. दादाने चष्मा लावून अहवाल माझ्या हाती दिला आणि म्हणाला, “आधी पहिली ओळ बघ.” पहिल्या ओळीत लेफ्ट मेन निर्दोष असल्याचे लिहिलेले होते. ते वाचल्यावरच आम्ही त्याला सांगितले की तू सवडीने दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखव. त्याने तसे केले, त्यांनी औषधे वाढवून दिली, चालण्याची चाचणी घेतली, आणि सध्या तो औषधांवरच आहे, दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो.